घडी मोडलेल्या साड्या

लालबागच्या एका खोलीतला तो दिवाण मला अजून आठवतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेचसे विसरलो. तो दिवाण मात्र डोक्यातून जात नाही.

दिवाळी तोंडावर होती आणि बंदोबस्ताने आम्ही आधीच पिचलेले. ठाण्याच्या फोनवर एका बाईने नाव न सांगता खबर दिली. अमुक चाळीत, अमुक खोलीत चोरीच्या साड्या विकतात. माल दिवाणात आहे. फळी डावीकडून अडकते, उजवीकडून उचला. आवाज दाबलेला, हेल मालवणी. पण लालबागमध्ये तो निम्म्या वस्तीचा. त्याच आठवड्यात दादरच्या एका दुकानातून साड्यांचे गठ्ठे चोरीला गेले होते. त्यामुळे जाणे भाग होते.

महिला हवालदार आणि दोन पंच घेऊन गेलो. एकच खोली. साड्या विकणारी सून चाळिशीची. नवऱ्याची नोकरी गेल्यापासून घर याच विक्रीवर चालत होते. दारात गिऱ्हाइकांच्या चपला, आत जमिनीवर साड्यांचा पसारा आणि म्हातारी सासू बाहेर गॅलरीत स्टुलावर. दिवाणाची फळी उजवीकडून अलगद उचलली गेली. खाली गच्च साड्या. पंचनाम्यात एकेक साडी पूर्ण उलगडली, वर्णन लिहिले आणि माल जप्त केला.

सून रडली नाही. फक्त म्हणाली, "साहेब, घडी मोडलेली साडी नवी म्हणून कोण घेतंय? दिवाळीचा धंदा गेला ना माझा."

ठाण्यात तिची चौकशी केली. फिरवून फिरवून विचारले तरी उत्तर तेच, माल बिलाने घेतलेला आहे. थापा मारणारा माणूस दर वेळी नवा तपशील पुरवतो. ही कंटाळून तेच तेच सांगत होती. तिला माल देणाऱ्या व्यापाऱ्याला विचारून बिले तपासली, बरोबर निघाली. दादरचा दुकानदार येऊन पाहून गेला. त्यात त्याची एकही साडी नव्हती.

मग खबर दिली कोणी? हवालदार म्हणाली, "सर, फळी कुठून अडकते हे गिऱ्हाइकाला काय माहीत? त्यावर झोपणाऱ्यालाच ठाऊक."

सून ठाण्यात असतानाच आम्ही दोघे पुन्हा चाळीत गेलो. सासू दिवाणावर आडवी झाली होती. आम्हाला पाहून उठून बसली.

"आजी, फोन तुम्हीच केलात ना?"

"होय, मीच केलंय," ती म्हणाली. "आधी नवी साडी इली की सून घडी मोडूक माका देय." नव्या साडीची घडी घरातल्या मोठ्या बाईने आधी नेसून मोडायची, ही आपल्याकडची रीत. "आता हात लावलंय तर म्हणता, 'आई, मळात.' तां चलात. पण दुपारी गिऱ्हाईक इला की माका भायर बसवता. गुडघे धरतत ओ. वाटलां, माल न्हेलास तर चार दिवस आत पडूक तरी मेळात. सुनेक सांगू नकात हां."

खोट्या खबरीबद्दल कारवाई करता आली असती. माझे मन झाले नाही. माल परत नेताना सुनेने विचारले, "कोणी केला फोन?" मी म्हणालो, "नाव सांगितलं नव्हतं." ते खरेच होते.

गुन्ह्यात एक बाजू खोटी असते, या समजुतीवर मी इतकी वर्षे नोकरी केली. त्या घरात दोघीही खऱ्या होत्या आणि खोली एकच होती. यावर लावायला माझ्याकडे कलम नव्हते. आजही वाईट वाटते.

पुढे एका दुपारी त्याच चाळीत दुसऱ्या कामाला गेलो. आजी गॅलरीत, त्याच स्टुलावर. अंगावर नवी जांभळी साडी. पंचनाम्यात आम्हीच उलगडलेली.

"छान दिसते साडी," मी म्हणालो. "पण आजी, आत का नाही पडत?"

गुडघा चोळत ती म्हणाली, "आत गिऱ्हाईक आसा."