‘मुरूड दोन दिवसांत’ आणि आमचा कोळीवाडा

आमच्या गावावर कुणी काही लिहिलंय हे कळलं ते चुलतभावाकडून. मुरूडच्या कोळीवाड्यात त्यानं घराच्या माडीवर पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्यात. पावसाळा सरता सरता एक प्रवासलेखक त्याच्याकडे राहून गेला होता. त्याचा छोटासा लेख एका वेबसाइटवर आला, ‘मुरूड दोन दिवसांत’.

मी अलिबागला नोकरी करते. दिवाळीला घरी आले होते. आई आणि मावशी किनाऱ्यावर बांबूंना बोंबील टांगत होत्या. भावानं तिथंच येऊन मोबाइल माझ्या हातात दिला.

“वाच मोठ्यानं. माझ्या खोल्यांचं नाव आलंय.”

मी वाचत गेले. माडाच्या वाड्या, किल्ला, भावाच्या घरचं सुरमईचं कालवण, सगळं चार ओळींत उरकलेलं. मग आमची आळी आली. ‘वास सहन करायची तयारी ठेवा. इथल्या बायका येणाऱ्या-जाणाऱ्यावर ओरडतात. घाबरू नका, ती त्यांची बोलायची रीतच आहे. हसून हात हलवा आणि पुढे चला. ओहोटीला समोरच्या खडकापर्यंत चालत जाता येतं. सूर्यास्त पाहावा तर तिथूनच.’

आईचे हात थांबले. “वरडतात म्हंजे? आमी काय येड्या हाव?”

“काकी, कौतुकानं लिवलंय त्यानं.”

“आनि खडकाचं? पानी परत कवा येतं, त्ये लिवलंय?”

“ओहोटीला जा म्हनलंय ना! लोकं काय लहान हायत?”

“तुज्या खोल्या भरल्या म्हंजे झालं.”

भाऊ मोबाइल ओढून घेऊन निघून गेला. सणाचे दिवस, पण फराळाचं ताट त्यांच्याकडून आमच्याकडे आलं नाही. आमच्याकडूनही गेलं नाही.

लोक मात्र येऊ लागले. नाकाला रुमाल लावून वाळवणातून फिरायचे, न विचारता फोटो काढायचे. मावशीनं एकाला “सुकटीवर पाय पडंल!” म्हणून हटकलं, तर त्यानं हसून हात हलवला. त्या दिवसापासून माणसं दिसली की मावशी पाठ करून बसायची.

सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळी एक जोडपं खडकाकडे निघालं. नवरा पुढे मोबाइल धरून, बायको मागे चपला हातात घेऊन. ओहोटी सरली होती. आमच्याकडे पाणी समोरून चढत नाही. खडक आणि किनारा यांच्यामध्ये खोलगट पट्टा आहे, आधी तो भरतो. खडकावरच्या माणसाला ते कळतही नाही, त्याचं तोंड समुद्राकडे असतं.

आई धावत पाण्यापर्यंत गेली. “मागं फिरा! पानी आलं!” मावशीही ओरडली. मी ओरडले. बाईनं वळून पाहिलं, हसली आणि हात हलवला. नवऱ्यानंही हलवला. मग त्यानं मोबाइल आमच्याकडे वळवला आणि आमचाच व्हिडिओ काढू लागला.

आई दोन्ही हातांनी त्यांना बोलावत होती आणि ती माणसं खुशीत आणखी पुढे जाऊन खडकावर चढली.

“होडी!” आई किनाऱ्यालगतच्या भावाच्या माडीकडे बघून किंचाळली. “आरं, होडी काड!”

भाऊ गॅलरीतच उभा होता. खाली आला तो धावतच. मी आणि त्यानं होडी वाळूवरून ढकलली, तो वल्ही घेऊन चढला. तेवढ्यात नवऱ्याला पाणी दिसलं असावं. तो बायकोचा हात धरून परत निघाला आणि खोलगट पट्ट्यात उतरला.

“उतरू नका! खडकावं ऱ्हा!” भाऊ ओरडत होता. बाई कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत बुडाली. लाट आली आणि ती दिसेनाशी झाली. मावशीनं माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

ती वर आली तेव्हा भावानं तिच्या ओढणीला आणि केसांना मिळून धरलं होतं. नवरा होडीची कड धरून लोंबकळत किनाऱ्याला लागला.

बाई वाळूवर बसून खोकत होती. आईनं आपल्या अंगावरची शाल तिच्याभोवती गुंडाळली. श्वास जाग्यावर आल्यावर बाई म्हणाली, “मावशी, आम्हाला वाटलं तुम्ही... तसं लिहिलं होतं.” भाऊ ते ऐकून होडीकडे गेला आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

सकाळी त्यानंच लेखकाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. लेखक आधी म्हणाला, “मी तर प्रेमानं लिहिलं होतं.” मग भावानं झालेलं सगळं सांगितलं. तेव्हा लेखकानं हलक्या आवाजात विचारलं, “आता काय लिहू?”

भावानं आईकडे पाहिलं.

“खडक काडून टाक,” आई म्हणाली. “आनि परत आलास तर आमच्याशी बोलून जा. मागल्या वेळी नुसता बघून गेलास.”

खडक लेखातून गेला, हात हलवायची ओळही गेली. वासाची ओळ अजून आहे. लेखक काही परत आलेला नाही. भावाच्या खोल्या शनिवार-रविवारी भरलेल्या असतात आणि आलेल्या पाहुण्याला तो आधी किनाऱ्यावर नेऊन पाणी दाखवतो. आई त्याच्याशी बोलते, पण त्याच्या माडीवर अजून चढलेली नाही.