मालनबाईंनी धुतलेलं कापड

बजाजनगरात मालनबाईंच्या घराइतकं स्वच्छ घर दुसरं नव्हतं, आणि त्या स्वच्छतेचा इतका छळही दुसरीकडे कुठं नव्हता. चपला काय, किल्ल्या काय, सोड्याच्या पाण्यातून निघाल्याशिवाय घरात येत नसत.

त्यांची लेक करुणा विद्यापीठात पीएचडी करत होती. वीज वाहून नेणारं एक प्लास्टिक अ‍ॅसिडात बनवून तिनं सुती कापडात मुरवलं होतं. हे हिरवं कापड मोबाईलच्या लहरी गिळून टाकायचं. त्यात गुंडाळलेला फोन वाजत नसे. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी आईला दाखवायला म्हणून तिनं ते घरी आणलं. मालनबाईंचाही जीव त्या परीक्षेत अडकला होता. सिल्लोडची थोरली बहीण भागूबाई रोज फोन करून विचारायची, "पोरीची शाळा संपली का नाय?"

सकाळी कापडाला अ‍ॅसिडचा वास आला आणि मालनबाईंना राहवलं नाही. सोड्यात बुचकळताच ते निळंशार झालं. त्या खूश झाल्या. निळा म्हणजे घरचाच रंग.

करुणाच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं आईचा फोन त्यात गुंडाळला, तोच भागूबाईचा फोन खणखणीत वाजला.

"आई, सोड्यानं त्यातलं अ‍ॅसिड मारलं गं."

डोकं धरून बसलेली करुणा एकदम उठली आणि मोरी धुवायच्या अ‍ॅसिडची बाटली घेऊन आली.

"एवढं शिकून आता मोरीच्या अ‍ॅसिडात बुडवतीस व्हय?" मालनबाई कळवळल्या.

बादलीभर पाण्यात थोडं अ‍ॅसिड पडलं, कापड बुडलं आणि पुन्हा हिरवं झालं. दुपारी परीक्षकांचे फोन त्यात मुके झाले आणि करुणा डॉक्टर झाली.

दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणींबरोबर वेरूळला गेली. मालनबाईंनी फोन पुसला, धूळ बसू नये म्हणून त्याच कापडात नीट गुंडाळला, बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवला आणि वाट पाहत बसल्या. आपण होऊन सांगण्यात काय मजा? भागूबाईनं विचारायला हवं होतं. फोन वाजेना. मेलीला नेमकं आजच शहाणपण सुचलं, म्हणून त्या चरफडल्या.

संध्याकाळी भागूबाईच एसटीनं दारात हजर. घामाघूम, घाबरलेली.

"सकाळपासून लावतेय, लागंना. म्हटलं काय झालं बाई!"

मालनबाईंनी फोटोपुढच्या गाठोड्याकडं पाहिलं.

"लागायचाच नाय, अक्का. आपल्या करुणानं केलंय ते. लाव बरं परत."

भागूबाईनं लावला. दोघी कान देऊन बसल्या. फोन वाजला नाही, आणि मालनबाईंनी पदर डोळ्यांना लावला.