शंकाबाई आणि क्रेनचं पान

ऑफिसात तिला सगळे शंकाबाई म्हणत, तेही तोंडावर. यंत्रांची इंग्रजी माहितीपुस्तकं रशियनमध्ये करायचं तिचं काम. पुस्तक आलं की साहेब त्याचे तुकडे करून चौघांना वाटायचे आणि चित्रं काढून ठेवायचे. काम लवकर उरकतं म्हणे! मग बसा आंधळी कोशिंबीर खेळत.

त्या दिवशी क्रेनचं पुस्तक होतं. भार हवेत लटकलेला असताना ‘ब्रेकचा दांडा रिलीज करा’, एवढंच वाक्य. हा रिलीज म्हणजे एक नंबरचा बिलंदर. सिनेमा रिलीज होतो, कैदीही रिलीज होतो. दांड्याचं काय? हातातून सोडायचा, की खटका काढून मोकळा करायचा? रशियनमध्ये पहिल्याला ‘अत्पुस्तीत्’, दुसऱ्याला ‘रज्ब्लकीरवत्’. चुकीचा शब्द पडला, तर खाली उभ्या माणसाचा चेंदामेंदा.

तिनं क्रेनच्या कंपनीसाठी प्रश्न लिहून साहेबांकडे दिला. साहेब तो घेऊन तिच्या टेबलाशी आले.

“बाई, तुमच्या प्रश्नांनी गिऱ्हाईक वैतागलंय. बाकीचे तिघं विचारतात का कधी? नेहमीचा शब्द टाका आणि मोकळ्या व्हा.”

“पण साहेब, खाली माणूस असतो.”

“त्याला डोळे नाहीत का? आता आणखी एक प्रश्न आला, तर उद्यापासून येऊ नका.”

घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, सगळा भार हिच्या पगारावर. तिनं निमूट नेहमीचं ‘अत्पुस्तीत्’ टाकलं आणि पान साहेबांकडे पाठवून दिलं. स्वतःचा इतका राग आला की डबाही उघडवेना.

संध्याकाळी धाकटा भाऊ भाऊजींना बघायला आला. तो बंदरावर क्रेन चालवायचा. तिनं ते वाक्य त्याच्यापुढे ठेवलं.

“दांडा बघितल्याशिवाय कसं सांगू, ताई? प्रत्येक क्रेनची तऱ्हा वेगळी.”

“पण तुम्ही ती पुस्तकं वाचता तरी का रे? खरं सांग.”

नाही म्हण रे बाबा, असं तिला मनापासून वाटत होतं.

“न वाचून कसं चालेल? नवीन मशीन आलं की तोच आधार. अडलं तर आम्ही विचारणार कुणाला? लिहिणाऱ्यानं चार जणांना विचारूनच लिहिलं असणार ना.”

आत जाऊन तिनं साहेबांना फोन लावला.

“साहेब, ते पान थांबवा. माझा प्रश्न आहे.”

“पान दुपारीच गेलं, बाई. आणि मी काय सांगितलं होतं, आठवतंय ना?”

“आठवतंय. उद्यापासून येत नाही,” ती म्हणाली. “पण पान कंपनीत कुणाकडे गेलं, तेवढं सांगा. मीच विचारते त्यांना.”