काटा तीनवर

कंपनी सोडून कितीतरी वर्षं झाली, पण तिथले किस्से संपत नाहीत. कॉम्प्रेसर चालू असला की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून सगळं चहाच्या सुट्टीसाठी साठवून ठेवायची सवय लागली. त्यातले निम्मे किस्से सोपानचे. हौसेनं नाही सांगत. त्याच्यावर जेवढा जळलो, तेवढा सख्ख्या भावावरही जळलो नाही.

शिक्रापूरजवळचं वर्कशॉप. लोखंडी जॉब, म्हणजे मशीनचा सुटा भाग, धुऊन यायचा आणि आम्ही चौघं एअर गननं हवा मारून तो वाळवायचो. जॉबला आठ भोकं, सगळी एका बाजूनं बंद. तळाशी थेंब राहिला की गंज, आणि जॉब परत. प्रत्येकाच्या टेबलाखाली हवेचा दाब कमी-जास्त करायचा नॉब आणि त्याचा काटा. काटा सहावर पाहिजे, हा नियम.

चौघंही कॉन्ट्रॅक्टवर, पर्मनंटची जागा एकच. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी न्हावऱ्यात आमच्या घरी येऊन सांगितलं होतं, "पर्मनंट व्हा, मग सुपारी फोडू."

*

खुटबावचा सोपान सगळ्यात शेवटी लागला. पहिल्याच दिवशी त्यानं भोकात सरळ हवा मारली. काळं पाणी उसळून साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर. मी मनात म्हटलं, चला, एक कमी झाला.

साहेब शर्ट पुसत म्हणाले, "यानं निदान भोकात पाणी असतं हे तरी दाखवलं. हे तिघं तर म्हणतात, नसतंच."

*

दिवाळीनंतर त्याचा एकही जॉब परत येईना. माझे येतच होते. साहेबांनी आम्हा तिघांना त्याच्यामागं उभं केलं. "बघा, शिका." माझ्या पोटात असं दुखायला लागलं की विचारू नका.

"पाणी हाय तवर हवा गुरगुरती," सोपान म्हणाला. "कोरडं झालं की शिट्टी वाजती. कान द्यायचा."

मी आठवडाभर कान दिला. कॉम्प्रेसर ऐकू आला, आणि उजव्या कानात पाणी गेलं.

*

सुटताना त्याच गननं अंगावरची धूळ उडवायला सक्त मनाई होती, म्हणजे सगळेच उडवायचे. एकदा सासरे गेटवर भेटायला आले. मी घाईत हवा मारली, केस उभे राहिले आणि साहेबांनी पकडलं. अर्धा तास बोलणी खाऊन बाहेर आलो, तर सासरे भांग पाडलेल्या सोपानशी गप्पा मारत होते.

जाताना मला बाजूला घेऊन विचारतात, "ह्या पोराचं लग्न झालंय का हो?"

*

एकदा तो गावच्या जत्रेला गेला. काम तुंबलं, तरी साहेब म्हणाले, "त्याच्या टेबलाला हात लावू नका. त्याची सेटिंग हलेल."

मला त्या टेबलाचाही राग आला.

*

मग कस्टमरचे लोक तपासायला येणार होते. त्या दिवशी ज्याचे जॉब कोरडे, तो पर्मनंट, हे साहेबांनी आदल्या दिवशीच सांगून टाकलं. मी सकाळी पहिल्या एसटीनं सगळ्यांच्या आधी आलो आणि सोपानच्या टेबलाखालचा नॉब फिरवला. काटा सहावरून तीनवर.

कस्टमरच्या लोकांनी भोकाभोकात कागदाची सुरळी घालून पाहिली. माझ्या तिसऱ्याच जॉबला कागद ओला. सोपानचे सगळे कोरडे.

चहाच्या सुट्टीत राहवलं नाही. म्हटलं, "सोपान, आज हवा कमी नव्हती का रं?"

"रोजच असती की," तो म्हणाला. "नियमानं मी संध्याकाळी काटा सहावर करून जातो. दिवाळीपासनं रोज सकाळी तीनवर असतो. आधी लय तरास झाला. मग कळलं, सहावर पाणी नुसतं उडतं आन् परत भोकात बसतं. तीनवर गुमान भाईर येतं."

दिवाळीपासनं? मी तर आज पहिल्यांदाच हात लावला होता. मी बाकीच्या दोघांकडं बघितलं. दोघंही आपापल्या चहात बघत होते.

सोपाननं बशीतला चहा संपवला, माझ्याकडं वळला आणि अगदी सहज विचारलं,

"आज तुझी पाळी व्हती व्हय?"