'हुर्र'ची भरपाई

माजलगावच्या कोर्टाबाहेर मी अर्ज टाइप करायचो. तिथे एक मेंढपाळ बाई दर तारखेला नवऱ्याला हाताला धरून आणायची. जीपच्या धडकेत त्याच्या मेंदूला मार लागला होता. तो तिलाही ओळखत नव्हता. भरपाईच्या अर्जासाठी मी नुकसान विचारलं.

"मेंढरांना बोलवावं तसा मला लांबून 'हुर्र' करायचा. मी लई भांडायची, मी काय मेंढी हाय का? आता करतच न्हाई. तेवढं लिवा की, दादा."

अर्जात त्यासाठी रकाना नव्हता. तरी शेवटी मी ती ओळ टाइप केली.

जाताना तिने फाटकापाशी थांबून स्वतःच मोठ्याने "हुर्र" केलं. कोर्टाच्या आवारातली सगळी माणसं वळली. तो तेवढा रस्त्याकडे बघत राहिला.