साडेनऊचा ई-मेल

काही प्रकरणांची फाईल बंद होते, पण ती डोक्यातून जात नाहीत. मोशीचं हे प्रकरण त्यातलं. ते आठवलं की आजही मला स्वतःचाच राग येतो.

वाकडच्या एका आयटी कंपनीतल्या मुलीला घाणेरड्या धमक्यांचे ई-मेल येत होते. आईला घेऊन ती पोलीस ठाण्यात आली. मी शब्द देऊन बसलो, "आठ दिवसांत माणूस समोर उभा करतो." असे शब्द देऊ नयेत, एवढी अक्कल इतकी वर्षं नोकरी करूनही आली नव्हती.

ई-मेल कंपनीचं उत्तर आलं. शेवटचा मेल साडेनऊला गेला होता आणि कनेक्शन मोशीतल्या एका घरातलं होतं. घर एका मेंटेनन्स इंजिनिअरचं, मूळचा लातूरकडचा, चाकणच्या कारखान्यात दुसऱ्या शिफ्टला. शेजाऱ्याने माहिती पुरवली, "त्यांचा एक कॉम्प्युटर कधीच बंद नसतो साहेब." मला तेवढं पुरलं. शिफ्ट बदलताना कंपनीच्या गेटवरूनच त्याला उचलला. गाडी मुद्दाम तिथे लावली होती. चारचौघांत धरला की माणूस निम्मा तिथेच मोडतो, असा माझा अनुभव होता.

"साहेब, ते मेल माझे नाहीत," तो म्हणाला. "माझ्या मशीनमधून अनोळखी लोकांचं इंटरनेट पुढे जातं. कोण काय पाठवतं ते मलाही कळत नाही. बाहेर पत्ता मात्र माझा दिसतो."

"तुला काय मिळतं त्याचं?"

"काही नाही. जगभर लोक असंच फुकट चालवतात. ज्यांना उघड बोलायची चोरी आहे, त्यांची सोय होते."

"बरीच समाजसेवा चाललीय राव," मी म्हणालो. हवालदार हसले.

मग त्याने आपणहून सगळं समजावलं. घरात नेट एकच, म्हणून परक्यांच्या वापराला त्याने रोजची मर्यादा घातली होती. दुपारी बाराला मशीन सुरू होई, आणि ठरलेला कोटा पहाटेपर्यंत संपला की आपोआप थांबे. सकाळी बायकोच्या ऑनलाइन शिकवण्यांना नेट मोकळं. जप्त केलेल्या मशीनमधल्या नोंदीही त्याने दाखवल्या. मेल गेला त्या दिवशी कोटा पहाटे पाचलाच संपला होता.

मी कागद पुढे सरकवला. "मेल सकाळी साडेनऊचा. तेव्हा मशीन बंद आणि घरात तू. आता बोल."

त्याने नोंद पुन्हा एकदा तपासली. "नोंद तर बरोबर आहे साहेब," एवढंच म्हणाला. वाचण्यासाठी खोटं बोलायचंही त्याला सुचलं नाही. मी ती कबुली समजलो आणि अटक दाखवली.

तिसऱ्या दिवशी आमच्या सायबर टेबलवरची महिला शिपाई तो कागद घेऊन आली. "सर, ई-मेल कंपनी परदेशातली आहे. ही वेळ आपली नाही. साडेपाच तास मिळवावे लागतात."

खाली बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. म्हणजे मेल दुपारी तीनचा. तीनला मशीन चालू होतं, आणि तो चाकणला हजेरी लावून लाइनवर उभा होता.

न्यायालयात अहवाल देऊन त्याला सोडवला. खरा माणूस सापडलाच नाही. त्या मशीनच्या आडून तो सहीसलामत निसटला, हेही खरं. मुलीने नोकरी सोडली आणि ती गावी गेली.

काही महिन्यांनी न्यायालयाच्या आदेशाने तो जप्त मशीन न्यायला आला. चेहरा उतरलेला होता. कंपनीने त्याला काढून टाकलं होतं.

"साहेब, माझा यात दोष नाही असं एक पत्र मिळेल का? मुलाखतीला गेलो की गेटवरचं विचारतात."

"असं पत्र द्यायची पद्धत नाही," मी म्हणालो.

"गेटवरून न्यायची पद्धत होती," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. पावतीवर सही केली, मशीन काखेत मारलं आणि गेला.

पुढे नव्या अधिकाऱ्यांना मी कागदावरची वेळ तपासायला शिकवत आलो. पण चूक वेळेपुरती नव्हती. माझं मत गेटवरच ठरलं होतं, पुढचे सगळे पुरावे मी त्यात बसवत गेलो.

ते पत्र द्यायला कुठल्याच नियमाने मला अडवलं नव्हतं. आज लिहितो आहे: तो माणूस निर्दोष होता. पण त्याचं नाव इथे छापलं तर पुन्हा चारचौघांत त्याचीच चर्चा होईल, म्हणून ते घालता येत नाही. आणि नावाशिवाय हे पत्र त्याला कुठेच दाखवता येणार नाही.