नसलेल्या कार्डाला मिळालेली रेंज

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर अजूनही ठेवावासा वाटत नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टर. एखादी गोष्ट पुन्हा करून दाखवता आली तरच ती झाली असं मानायचं, ही कामाची सवय.

माझं सासर खर्डीच्या पुढे, जंगलाला लागून. मी घरूनच काम करते. आमचं सॉफ्टवेअर जवळचं वाय-फाय शोधून लॅपटॉप आपोआप जोडून देतं. ते तपासायला खरी यंत्रं लागत नाहीत. ड्रायव्हर म्हणतात तो एक छोटा प्रोग्राम लॅपटॉपच्या आतच खोटी वाय-फाय कार्डं आणि खोटी नेटवर्कं तयार करतो. बाहेरचं काही त्यांना दिसूच शकत नाही. त्यात माझ्या लॅपटॉपचं खरं कार्ड बिघडलं म्हणून काढून टाकलेलं… नेट वायरने.

पाऊस नुकताच सरला होता. सकाळी माझा दीर संदीप चुकलेली म्हैस शोधायला रानात गेला. जेवायची वेळ टळली तरी पत्ता नाही, फोन बंद. सासूबाई ओटीवरून हलत नव्हत्या.

मी टेस्ट लावली. यादीत माझी खोटी नेटवर्कं आली आणि खाली आणखी एक नाव — ‘वयनी नेट घ्या’.

ते संदीपच्या हॉटस्पॉटचं नाव. लाइट गेली की माझं काम अडायचं, म्हणून त्याने गमतीने ठेवलेलं.

मला वाटलं, जुनं काहीतरी राहिलं असेल. ड्रायव्हर काढून परत चालू केला. नाव परत आलं. रेंजची एकच दांडी. खोट्या नेटवर्कची रेंज कायम फुल असते, लॅपटॉप कुठेही न्या.

सासूबाईंना दाखवायला मी वायर काढून ओटीवर गेले… दोन दांड्या.

शेजारच्या देवजीकाकांना हाक मारली. त्यांना काय सांगणार? एवढंच म्हटलं, भावजींच्या फोनची रेंज दिसतेय. उघडा लॅपटॉप हातावर घेऊन मी पुढे, कोयता घेऊन ते मागे. ओढ्याच्या वाटेला रेंज कमी झाली, तशी मी वळले. जुन्या खदानीपाशी सगळ्या दांड्या भरल्या. आणि त्याच क्षणी ते नाव गेलं.

काकांनी वाकून पाहिलं. खाली संदीप पाण्याच्या कडेला पडलेला, पाय धोंड्याखाली. आवाज फुटत नव्हता.

माणसं आणून त्याला वर काढलं. मी म्हटलं, हॉटस्पॉट चालू ठेवलात ते बरं केलंत.

तो कसाबसा म्हणाला, “फोन तं पडतानाच पाण्यात गेला, वयनी. सकालीच.”

दुसऱ्या दिवशी गावातल्या पोरांनी बुडी मारून तो काढला. तळाशी होता.

ऑफिसातले म्हणतात, मेमरीत जुनं नाव उरलं असेल. असेल. पण मी वळले तशा दांड्या कमी-जास्त का झाल्या, ते कोणी सांगत नाही. तीच टेस्ट मी नंतर किती वेळा लावली… ते नाव पुन्हा कधी आलं नाही. संदीप आता काठीशिवाय चालतो. मला कसं कळलं, असं तो अजून विचारतो, आणि मी काहीतरी बोलून विषय बदलते.